सिंथेसायझरला नावे ठेवण्यापूर्वी

सिंथेसायझर हे नाव काढले की आमच्या इंदुरातील जुन्या रसिकांच्या कपाळाला आठी पडते आणि तरुणांचे डोळे चमकतात. दोघांच्याही भावना खऱ्या आहेत. परंतु त्या वाद्यात नाद घडतो तरी कसा, हे समजून घेऊन आपले मत बनविणारे मला दोन्ही पक्षांत फार थोडे भेटले. एक पक्ष म्हणतो, यंत्राला आत्मा नाही. दुसरा म्हणतो, यंत्रात सारे काही आहे. मला दोन्ही मते घाईची वाटतात.

प्रथम एक घोटाळा दूर करू. पलासियात मी गाणे शिकवितो. तेथे आईबाप मुलांना घेऊन येतात आणि विचारतात, 'सिंथेसायझर शिकवाल का?' त्यांच्या मनात असतो बाजारात मिळणारा कीबोर्ड. एक बटण दाबले की बासरी, दुसरे दाबले की व्हायोलिन. यांतील बहुतेक यंत्रे दुसऱ्या वाद्याचा मुद्रित केलेला तुकडा वाजवून दाखवितात. ते नादाचे दुकान झाले, नादाचा कारखाना नव्हे. सिंथेसायझर मूळचा कारखाना आहे. आणि त्याचे मुख्य विभाग चारपाचच आहेत.

पहिला विभाग ऑसिलेटरचा. त्याला आंदोलक म्हणू. वीज ठरावीक गतीने मागेपुढे हलविणे एवढेच त्याचे काम. सेकंदाला २४० आंदोलने झाली तर एक स्वर, ४८० झाली तर त्याच्याच वरचा षड्ज. पण गती तीच राखून आंदोलनाचा आकार बदलला की नादाचा रंग बदलतो. गुळगुळीत लाटेत मूळ स्वराखेरीज काहीच नसते. करवतीच्या दात्यांसारख्या लाटेत दुप्पट, तिप्पट, चौपट असे सगळे उपस्वर असतात. चौकोनी लाटेत केवळ विषम पटींचे. तंबोऱ्याच्या खर्जातून न छेडलेला गंधार ऐकू येतो, तो त्याच्या पाचव्या उपस्वराचा प्रताप. पिढ्यान्‌पिढ्या आपण जे कानाने ओळखले, तेच येथे एकेक करून मोजून हातात येते.

दुसरा विभाग फिल्टरचा, म्हणजे गाळणीचा. भरगच्च उपस्वरांच्या नादातून वरचे उपस्वर ती गाळून टाकते. खुंटी फिरवीत गेले की नाद उजळत किंवा मावळत जातो. हे परके वाटण्याचे कारण नाही. एकाच षड्जावर 'आ' म्हणा, मग 'ई' म्हणा. गळ्यातील कंप तोच असतो; तोंडाची पोकळी आकार बदलते आणि निराळे उपस्वर पुढे आणते. आकार लावण्याची तालीम ही या अर्थाने गाळणीचीच तालीम होय. जवारीची गोष्ट मात्र उलट. घोडीवर सुताचा दोरा सरकवून जवारी लावणाऱ्याचा हात उपस्वर गाळीत नाही, तर जागे करतो. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर निघू नयेत, असा पाश्चात्य शास्त्राचा नियम होता. तंबोरा तो नियम मोडतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. गाळणीची वजाबाकी आणि जवारीची बेरीज हा भेद ज्याला कळला, त्याला तंबोरा अधिकच आवडू लागेल.

तिसरा विभाग ॲम्प्लिफायरचा. नाद किती मोठा निघावा ते तो ठरवितो. आणि त्याला हुकूम देतो तो एन्व्हलप. नाद किती वेगाने उमटावा, शिखरावरून किती उतरावा, कोठे टिकावा आणि पट्टी सोडल्यावर कसा विरावा, अशी नादाची जन्मापासून मरणापर्यंतची रेषा तो आखतो. तबल्याचा 'ना' क्षणात उमटतो आणि ओसरतो. सारंगीचा स्वर हळूच येऊन रेंगाळतो. वाद्याची ओळख आपल्याला पुष्कळदा त्या पहिल्या निमिषातच पटते. मुद्रणातून तेवढा आघात कापून टाका, म्हणजे ओळखीचे वाद्यही अनोळखी वाटू लागते.

राहिला संथ आंदोलक. त्याची गती इतकी मंद की तो स्वतः ऐकू येत नाही. तो इतरांना हलवितो. स्वराला हलविले की कंप, आवाजाला हलविले की थरथर, गाळणीला हलविले की उजेड-अंधाराचा खेळ. येथे मात्र आमच्या संगीताने थोडे थांबून पाहावे. या यंत्राचे आंदोलन घड्याळाच्या लंबकासारखे, प्रत्येक फेरी सारखी. दरबारीचा कोमल गंधार तसा हलत नाही. तो केव्हा जड होतो, केव्हा ऋषभाकडे झुकतो, हे आधीच्या आणि पुढच्या स्वरांवर अवलंबून असते. ज्या शहरात उस्ताद अमीरखाँ वाढले, त्या शहराला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

हे वाद्य आमच्या देशात काल-परवा आले असेही नाही. रॉबर्ट मोग यांनी १९६४ साली अमेरिकेत आपले यंत्र सिद्ध केले आणि पाचच वर्षांनी, १९६९ मध्ये, ते अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत येऊन बसले. गीता साराभाई यांचा त्यात पुढाकार होता; न्यूयॉर्कचे डेव्हिड ट्यूडर यांनी ते मांडून दिले. तेथे भारतीय मंडळींनी केलेल्या प्रयोगांच्या फिती कित्येक वर्षे पडून होत्या. त्या २०२३ साली प्रसिद्ध झाल्या. मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ साली भैरव, ललत, मालकंस असे दहा राग सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात वाजविले. त्या वेळी त्या तबकडीकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशात तिचा गाजावाजा झाला. त्यांच्या यंत्रांपैकी रोलँडच्या एका छोट्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याची सोय आहे. पण सरकण्याचा वेग ठरलेला. तिला मींड म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा. मींडेत वाटेवरच्या श्रुतींनाही मान असतो. तरीही चरणजित सिंगांनी आमच्या रागांना त्या यंत्राचे दार उघडून दिले, हे मान्य करायलाच हवे.

मग दोष कोठे आहे? माझ्या मते तो पट्ट्यांत आहे. मोगच्या यंत्रात एक व्होल्ट वाढविला की स्वर एक सप्तक चढतो, आणि वीज कोठेही थांबू शकते. बारा पायऱ्यांचे बंधन तिला नाही. सान फ्रान्सिस्कोकडील डॉन बुक्ला यांनी तर आपल्या यंत्रात पियानोच्या पट्ट्या जाणूनबुजून टाळल्या. बाजाराने मात्र पट्ट्याच उचलल्या, आणि त्यांबरोबर समान अंतराचे बारा स्वर. षड्ज २४० धरला तर तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गंधाराच्या नात्याने शुद्ध गंधार ३०० वर यावा. कीबोर्डवर तो ३०२.४ वर येतो. फरक क्षुल्लक वाटतो, पण तंबोऱ्याशेजारी तो वाजवून पाहा, दोन गंधार एकमेकांशी भांडताना ऐकू येतील. रोज त्याच्या साथीने गाणाऱ्या मुलाचा कान हळूहळू त्या भांडणालाच सूर समजू लागतो. मला भीती वाटते ती ही; यंत्राला आत्मा नसण्याची नव्हे.

हाच वाद आपण हार्मोनियमवरून एकदा घातला आहे. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती तीसएक वर्षे टिकली. आक्षेप खोटा नव्हता, उपाय चुकला. बंदीने पेटी घराघरांतून गेली नाही. आणि तिचा गंधार का खटकतो हे मात्र लोकांना कोणी शिकविले नाही. तीच चूक पुन्हा करण्यात शहाणपण नाही.

कोणी म्हणेल, गायकाला हे शास्त्र कशाला? भीमपलास गायला आंदोलने मोजावी लागत नाहीत. खरे आहे. पण ज्या मुलाच्या हाती कीबोर्ड गेलाच आहे, त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात: तयार बटणे दाबीत राहणे, किंवा बटणामागे काय आहे ते जाणणे. पहिली वाट त्याला गिऱ्हाईक बनविते, दुसरी विद्यार्थी.

म्हणून आमच्या संगीत-वर्गांना माझी विनंती आहे. कीबोर्ड शिकवायचा तर पहिले दोन महिने तयार नाद वाजवू देऊ नका. संगणकावर फुकट मिळणारे सिंथेसायझर आहेत. त्यावर मुलांना गुळगुळीत लाटेपासून एक नाद स्वतः घडवू द्या आणि मग तो तंबोऱ्याशी ताडून पाहायला लावा. बऱ्याच कीबोर्डांत एकेक स्वर थोडा चढा-उतरा करण्याची सोय असते. ती वापरून गंधार आणि धैवत कानाने उतरवून घेऊ द्या. गळ्याच्या तालमीत मात्र षड्ज तंबोऱ्याचाच असावा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही आनंदाची गोष्ट आहे; पण मानांकनाने तंबोरा जगत नाही, तो ऐकणाऱ्या कानांनी जगतो.

ते कान तयार करण्याच्या कामी सिंथेसायझर आला तर त्याला बैठकीत अवश्य बसवावे. मात्र तंबोऱ्याच्या जागेवर नव्हे, थोडे बाजूला, विद्यार्थ्यांच्या रांगेत.