मोपाच्या सड्यावरून खाली यायला एक बस द्या

प्रति,
गोवा आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्री, दोन्ही राज्यांचे परिवहन मंत्री, कोकण रेल्वेचे अधिकारी आणि मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे व्यवस्थापन



मी बांद्याची. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, आता घरी असते. गेल्या मे महिन्यात भाचा आखातातून सुट्टीवर यायचा होता, म्हणून मी आणि माझे यजमान त्याला आणायला रात्री मोपाला गेलो. विमान पहाटे अडीचला उतरलं. तो बाहेर येईपर्यंत आम्ही बाकावर बसून होतो. शेजारी एक पंचविशीतला मुलगा होता, आम्ही येण्याआधीच कधीतरी विमानातून उतरलेला. त्याच्या ट्रॉलीवर निळ्या नायलॉनच्या दोरीने चारी बाजूंनी आवळलेलं खोकं होतं. त्यावर जाड मार्करने त्याचं नाव, खाली गाव, तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग. अक्षर इतकं ठसठशीत, की पाटीवर गिरवून घेतलेलं असावं.

मी विचारलं, न्यायला कोण येतंय का रे? तो म्हणाला, "पयली गाडी गावासर हयसरच बसान रवतंय, काकी." टॅक्सी का नाही केलीस म्हटलं, तर हसला. "टॅक्सीक घालूचे पैसे आवशीच्या हातात दितंय."

दोन वर्षांनी घरी येणारा मुलगा, आणि घर तासाभराच्या वाटेवर. आम्ही त्याला गाडीत घेतलं. डिकी भाच्याच्या सामानाने भरली होती, त्यामुळे खोकं त्याने मांडीवरच धरलं. यजमानांनी गाडी बांद्याला थांबवली नाही, तशीच पुढे नेली. झाराप तिठ्यावर तो उतरला तेव्हा फटफटायला लागलं होतं.

हे पत्र त्या रात्रीपासून मनात आहे. कुणावर ठपका ठेवायला मी लिहीत नाही. एक काम राहून गेलंय आणि ते तुम्हा सगळ्यांनी मिळून केल्याशिवाय होणार नाही, म्हणून लिहिते.

मोपाचा सडा, म्हणजे विमानतळ झाला ते पठार, आम्हाला नवा नाही. मोपा ज्यात येतं तो पेडणे महाल अठराव्या शतकाच्या शेवटापर्यंत सावंतवाडी संस्थानात होता. नंतर तो पोर्तुगिजांकडे गेला, तरी सोयरीक, जत्रा, दशावतार आणि आठवड्याचा बाजार यांनी हद्द कधी मानली नाही. आजही आमच्याकडे कुणी जास्त आजारी झालं की गोव्यात बांबोळीच्या इस्पितळातच नेतात. हद्दीवरच्या पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांचं स्मारक आजही तिथे आहे. दोन राज्यांच्या सीमेवर विमानतळ झाला, असं वर्तमानपत्रात वाचलं की मला वाटतं, आमच्यासाठी तो एकाच मुलखाच्या मधोमध झाला आहे.

आणि तो सुखासुखी झालेला नाही. १३ नोव्हेंबर २०१६ ला पायाभरणी झाली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण परवानगी स्थगित केली, जानेवारी २०२० मध्ये ती स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन होऊन ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानं सुरू झाली. पहिल्या टप्प्याला सुमारे २,८७० कोटी रुपये लागले, आणि वर्षाला ४४ लाख प्रवाशांची सोय झाली. यात मोपा, वारखंड, चांदेल, कासारवर्णे या गावांची जमीन गेली, सड्यावरची गुरांची राखणी गेली, काजूच्या बागा गेल्या. एवढं देऊन उभं राहिलेलं काम शेवटच्या वीस किलोमीटरांत अडावं, हे मला सहन होत नाही.

रस्त्याबद्दल तक्रार नाही. धारगळला राष्ट्रीय महामार्ग ६६ सोडला की थेट विमानतळापर्यंत नेणारा सहा पदरी रस्ता २०२४ मध्ये खुला झाला. आधी गावागावांतून वळणं घेत जावं लागायचं, ते संपलं. गोव्याच्या कदंब परिवहन महामंडळाच्या विजेवरच्या बस विमानतळावरून पणजी, म्हापसा, मडगावकडे जातात, हेही मी पाहिलं आहे. चांगल्या, स्वच्छ गाड्या आहेत आणि त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. पण या सगळ्याचं तोंड दक्षिणेकडे आहे. उत्तरेला बांदा, सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, पूर्वेला दोडामार्ग. तिथला माणूस विमानतळाबाहेर आला की तो कुणाच्याच हिशोबात नसतो. गोव्याला वाटतं, तो महाराष्ट्राचा. महाराष्ट्राला वाटतं, विमानतळ गोव्याचा.

आमचा चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. तो वाढावा, ही इच्छा आजही आहे. पण परदेशातून येणारं विमान चिपीला नाही, मोपाला उतरतं, आणि सिंधुदुर्गातून आखातात गेलेल्या मुलांची संख्या घरटी मोजावी लागेल अशी आहे. चिपी आहे ना, असं उत्तर मला कुणी देऊ नये.

आता मागणं सांगते. मोठं नाही.

मुंबई-गोवा महामार्गावरून एसटीच्या आणि कदंबच्या गाड्या सावंतवाडी ते पणजी जा-ये करतात. त्या धारगळवरून जातात. म्हणजे बस आधीच आहे, ती सड्याच्या पायथ्याशी आहे आणि प्रवासी वर आहे. मधलं अंतर सहा-सात किलोमीटर. हे अंतर तोडायला विमानतळ ते धारगळ अशी एक छोटी फिरती गाडी लावा, आणि धारगळला महामार्गाच्या दोन्ही अंगांना चांगले थांबे बांधा. पत्र्याचं छप्पर पुरेसं नाही. जूनमधला पाऊस आडवा येतो, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तीन बाजूंनी बंद, दिवा असलेला, खोकं जमिनीवर न ठेवता टेकवता येईल असा ओटा असलेला थांबा हवा. लांबच्या गाड्यांच्या चालक-वाहकांना तिथे थांबण्याचा लेखी आदेश हवा. रात्री उशिरा उतरणाऱ्यांसाठी मात्र सरळ मोपा ते कुडाळ अशी एक गाडी हवी, पत्रादेवी, बांदा, सावंतवाडी, झाराप करत जाणारी. तिची वेळ आगाराच्या सोयीने ठरवू नका. विमान ज्या वेळी उतरतं, त्यानंतर सव्वा तासाने ती सुटली पाहिजे. विमान उशिरा आलं तर गाडीही थांबली पाहिजे. बोट लागल्याशिवाय धक्क्यावरची गाडी सुटत नाही, ही पद्धत कोकणाने पूर्वी पाहिलेली आहे.

यासाठी दोन राज्यांत परस्पर वाहतुकीचा करार लागतो, मार्ग आणि परवाने त्यात घालावे लागतात, हे मला माहीत आहे. ते काम मुंबईच्या मंत्रालयात आणि गोव्याच्या पर्वरीच्या सचिवालयात व्हायचं आहे. दोन फायली एकाच टेबलावर यायला किती दिवस लागतात, ते तुम्ही ठरवा.

कोकण रेल्वेला माझं वेगळं सांगणं आहे. विमानतळाला जवळचं स्टेशन पेडणे, आणि त्याच्या पुढचं थिवी. मुंबई-मडगाव वंदे भारत २०२३ पासून धावते, ती कणकवली आणि थिवीला थांबते. कोकणकन्या आणि मांडवी पेडण्याला थांबतात. म्हणजे रत्नागिरी, कणकवली, कुडाळचा प्रवासी आगगाडीने विमानतळाच्या दाराशी येऊ शकतो. फक्त स्टेशन ते विमानतळ ही गाठ मारायची आहे. थिवी आणि पेडण्याहून गाडीच्या वेळेला जोडून बस सोडली, तर ही गाठ बसते. आणि एक बारीक गोष्ट, जी विसरली जाईल अशी मला भीती वाटते: पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. मग जोडबसचं वेळापत्रकही त्याच दिवसापासून बदललं पाहिजे. नाहीतर चार महिने बस रिकामी जाईल आणि कुणीतरी अहवाल लिहील, की प्रतिसाद नाही, बंद करा. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन २०१५ मध्ये झालं. तेही पूर्ण करा. विमानतळ इतक्या जवळ आल्यावर त्याची गरज दुप्पट झाली आहे.

पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांची मला काळजी वाटते. त्यांच्यातल्या अनेकांची जमीन या प्रकल्पात गेली, आणि स्टिअरिंग हा त्यांना मिळालेल्या मोबदल्याचा मोठा भाग आहे. बस आली की आपलं पोट जाईल, ही भीती खोटी म्हणून उडवून लावू नका. त्यांच्याशी बसून बोला. पण त्या झारापच्या मुलाने टॅक्सी केली नव्हती आणि केलीही नसती. तो बाकावर बसून राहिला. बसचा प्रवासी तो आहे.

आणखी एक प्रवासी आहे, तो विमानाने येत नाही. आमच्या तालुक्यातली कितीतरी मुलं-मुली गोव्यात नोकरीला जातात. विमानतळावर सफाई, सुरक्षा, दुकानं, सामान चढवणं-उतरवणं ही कामं रात्रपाळीतही चालतात. ती मुलं दुचाकीवर महामार्गाने येतात. जुलैतल्या रात्री, अंगावर रेनकोट, समोरून ट्रकचे दिवे, आणि आई घरात जागी. माझ्या वर्गात शिकलेली एक मुलगी असं काम करते. तिची आई मला बाजारात भेटली की आधी पावसाचंच बोलते. पाळी सुटण्याच्या वेळेला एक बस असेल, तर त्या घरांतली झोप परत येईल.

विमानतळाच्या व्यवस्थापनाला मी एकच विनंती करते, आणि तिला खर्च जवळजवळ नाही. बाहेर पडण्याच्या दाराशी एक मोठा फलक लावा. पुढची बस कुठे, किती वाजता, किती पैसे, हे कोकणी आणि मराठीत ठळक लिहा. त्यावर बांदा, सावंतवाडी, कुडाळ ही नावं दिसली पाहिजेत. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत, दाबोळीचा जीओआय आणि मोपाचा जीओएक्स. तिकिटावर शेवटचं अक्षर न वाचल्याने न्यायला आलेली माणसं एका विमानतळावर आणि पाहुणा दुसऱ्यावर, असं माझ्या ओळखीत दोनदा घडलं. अशा घाबरलेल्या माणसालाही त्या फलकाचा आधार होईल.

तो मुलगा जूनच्या अखेरीस परत गेला. जाण्याआधी त्याने भाच्याकडून आमचा नंबर घेऊन फोन केला. विमान पहाटेचं होतं. संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने बांद्याला उतरून मध्यरात्रीपर्यंत आमच्या पडवीत बसलो तर चालेल का, असं विचारत होता. त्याला जेवू घातलं. तेच खोकं, तीच निळी दोरी. आत आता कोकम, कुळथाची पिठी, काजूगर आणि आईने केलेले लाडू. रात्री बाराला पाऊस कोसळत होता. यजमान गाडी काढायला उठले. ते बहात्तर वर्षांचे आहेत, आणि रात्री समोरच्या दिव्यांनी त्यांचे डोळे दिपतात. परत येताना पत्रादेवीपाशी त्यांनी गाडी बाजूला घेऊन दहा मिनिटं थांबवली, मग आम्ही निघालो.

पुढच्या सुट्टीला तो मोपाहून घरी कसा जाईल, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.

आपली नम्र,
बांदा, तालुका सावंतवाडी येथील एक निवृत्त शिक्षिका