दोनशे एकवीस किलोमीटरमध्ये सावली किती?



माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला पोचली, त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांत दोनच गोष्टी होत्या: आकाशातून टिपलेली गर्दी आणि रस्ता रुंदीकरणाचे कौतुक. ‘वारकऱ्यांची वाट सुकर झाली’ हे वाक्य वाचून राहवले नाही. मी त्या दिवशी दिंडीसोबत त्याच वाटेने चालत होते. सुकर झाली असेल तर गाड्यांची.

पुणे ते सासवड हा वारीतला सर्वांत मोठा टप्पा. पहाटे भवानी पेठेतून निघायचे, हडपसर, उरुळी देवाची, वडकी मागे टाकायचे, मग घाट आणि संध्याकाळी कऱ्हाकाठी मुक्काम. तीस-बत्तीस किलोमीटरची चाल. बहुतेक वर्षी नेमकी योगिनी एकादशी याच दिवशी येते, म्हणजे चाल उपाशीपोटी. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपतात, कारण ती चढण एका जोडीच्या आवाक्यातली नाही. डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तर वर्षांच्या बाईसाठी मात्र कुणी काय केले?

८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग दिवे घाट ते मोहोळ, २२१ किलोमीटर, अंदाजे खर्च ६,६९० कोटी रुपयांहून अधिक. दोन्ही बाजूंना पालखीसाठी वेगळी पायवाट देऊ, असेही तेव्हा सांगितले गेले. माझा प्रश्न एकच आहे. या २२१ किलोमीटरपैकी किती किलोमीटरवर सावली आहे? रस्त्याची रुंदी सांगता, खर्च सांगता, मग सावलीचाही आकडा सांगा.

आमची दिंडी वर्षानुवर्षे ज्या वडाखाली, लिंबाखाली टेकायची, त्यातली कितीतरी झाडे रुंदीकरणात गेली. बदल्यात दुभाजकात कण्हेर लावली. दुभाजकातल्या कण्हेरीखाली कोण बसणार? अनेक वारकरी अनवाणी चालतात. ऊन पडले की सिमेंटचा रस्ता कसा भाजतो, हे गाडीत बसून कळत नाही. तरडगावजवळ पहिले उभे रिंगण होते, त्या जागेचे नावच चांदोबाचा लिंब आहे. आपल्या पूर्वजांनी थांबायची जागा झाडावरून ओळखली. आपण ती टोलनाक्यावरून ओळखणार आहोत का?

आणखी एक गोष्ट, जी बायका बोलून दाखवत नाहीत. मुक्कामाच्या तळावर शौचालये उभी राहतात, हे मी नाकारत नाही. पण वडकी सोडल्यावर घाटमाथा येईपर्यंत आमच्या दिंडीतल्या बायकांना आडोसा सापडला नाही. म्हणून हडपसरपासूनच त्या पाणी पिणे सोडतात. एकादशीचा उपास, तीस किलोमीटर चाल आणि घशाला कोरड. मग कुणी चक्कर येऊन पडली की ‘वयोमानाने’ म्हणायचे! हे वयोमान नव्हे, ही हेळसांड आहे.

वारकरी तक्रार करत नाही, कारण तो देवाच्या भेटीला निघालेला असतो. त्याच्या या न बोलण्याचा गैरफायदा घेतला जातो आहे. मागणी फार मोठी नाही. पायवाटेच्या कडेला वड, लिंब, चिंच, करंज लावा आणि पुढची पाच वर्षे त्यांना पाणी घाला. घाटाच्या पायथ्याशी, मध्यावर आणि माथ्यावर बायकांसाठी शौचालये उभारा. आज लावलेला वड सावली धरायला पंधरा-वीस वर्षे घेतो. तेवढ्या वाऱ्या माझ्या नशिबात नाहीत. म्हणूनच हे काम याच पावसाळ्यात सुरू झाले पाहिजे.

– एक वारकरी भगिनी, बार्शी