गोठलेली उत्पन्नमर्यादा
अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, डॉ. आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्या गटातील वसतिगृहवासी विद्यार्थ्याचा भत्ता वर्षाला १३,५०० रुपये, म्हणजे महिन्याला १,१२५ ठरला. तोही सर्वांच्या हाती पडत नाही. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा २०१३ची; २०२१मध्येही ती हलली नाही. महागाईमागोमाग मजुरी वाढली म्हणून कुटुंब सधन होत नाही. मुलगी मात्र अपात्र ठरते आणि भत्त्याबरोबर शुल्काचा आधारही गमावते. माझ्यासारख्या निवृत्त अधिकाऱ्याची महागाई सवलत वर्षातून दोनदा निर्देशांकानुसार सुधारते. ही मर्यादाही त्याच निर्देशांकाला जोडावी. त्यासाठी नवी योजना नको. असलेल्या योजनेतील एक कलम बदलणे पुरेसे आहे.