वसतिगृह सुटल्यानंतरची बांधिलकी

जून लागला की पेण-रोह्याच्या गावागावांत ‘मुंबई मंडळां’ची धावपळ सुरू होते. वह्यावाटप, दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार, शाल-श्रीफळ. हे काम मनापासून होते आणि ते व्हायलाच हवे. पण सत्कार झालेल्या मुलीला पुढे जातवैधतेचा कागद लागतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा लागतो, दिवाळीनंतर खोलीभाडे थकते. घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेले नसेल, तर तेव्हा तिने कुणाचे दार ठोठवायचे?

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शंभराहून अधिक वर्षांपूर्वी हाच प्रश्न पडला होता. कॉर्नेल विद्यापीठातले सहा कृष्णवर्णीय विद्यार्थी १९०५ साली सुट्टीनंतर परतलेच नाहीत. उरलेल्यांनी एकमेकांना धरून राहण्यासाठी अभ्यासमंडळ काढले आणि त्यातूनच ४ डिसेंबर १९०६ रोजी ‘अल्फा फाय अल्फा’ ही संघटना जन्मली. गोऱ्या विद्यार्थ्यांच्या ‘फ्रॅटर्निटीं’मध्ये त्यांना प्रवेश नव्हता. पुढे मुलांच्या आणि मुलींच्या मिळून अशा नऊ संघटना उभ्या राहिल्या. मार्टिन ल्यूथर किंग, थरगुड मार्शल, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हे सारे ‘अल्फा’चे सभासद.

या संघटनांचे खरे बळ मात्र मोठ्या नावांत नाही. पदवी मिळाली म्हणून इथले सभासदत्व संपत नाही. नोकरदारांच्या, डॉक्टर-वकिलांच्या वेगळ्या शाखा गावोगाव चालतात आणि शाळकरी मुलांना कॉलेजपर्यंत पोहोचवणे, मतदार नोंदणी करणे अशी कामे वर्षभर करतात.

त्यातले एक काम तर रायगडकरांनी मुद्दाम समजून घ्यावे असे आहे. ‘अल्फा कप्पा अल्फा’ ही १९०८ साली हॉवर्ड विद्यापीठात सुरू झालेली मुलींची संघटना. तिच्या शिकून मोठ्या झालेल्या सभासदांनी १९३५पासून काही वर्षे उन्हाळ्यात मिसिसिपीतल्या कापूसमळ्यांवर आरोग्यसेवा नेली. डॉ. डोरोथी फेरिबी यांच्याकडे नेतृत्व होते. मळेवाले मजुरांना दवाखान्यापर्यंत जाऊ देईनात, तेव्हा या बायकांनी आपल्या मोटारीच दवाखाने केल्या आणि थेट मळ्यांवर जाऊन मुलांना घटसर्प नि देवीच्या लसी टोचल्या. मजूर येत नाही म्हणून त्याला अडाणी ठरवणे सोपे होते. तो का येत नाही हे त्यांनी पाहिले.

आपल्याकडे हे बीज नव्हते असे नाही, उलट याच जिल्ह्यात ते जोमाने रुजले. महाडच्या शाळेने प्रवेश नाकारल्यावर रामचंद्र बाबाजी मोरे यांनी शाळकरी वयात वृत्तपत्राला पत्र लिहून तो मिळवला. १९२७च्या महाड परिषदेच्या उभारणीत ते आघाडीवर होते, तेव्हा जेमतेम चोविशीत. पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी शिक्षणसंस्था काढली आणि तिच्या वसतिगृहांत पेणशेजारचे पनवेलही होते. अमेरिकेतला लढा बाबासाहेबांच्या नजरेआड कधीच नव्हता. १९४६ साली त्यांनी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाला दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या खोल्यांमध्ये तर १९७२च्या दलित पँथरची कितीतरी खलबते झाली.

म्हणजे वसतिगृहांनी इथे चळवळी घडवल्या. पण वसतिगृह सोडलेल्यांना आयुष्यभर बांधून ठेवणारी रचना आपण उभारली नाही. मोठे झालेले लोक व्यक्तिशः खूप करतात, पुतण्याची फी भरतात, गावात विहार बांधायला हातभार लावतात. ओळखीच्या पलीकडचे मूल मात्र त्या मदतीच्या बाहेर राहते.

अमेरिकेतले सगळेच उचलावे असेही नाही. नव्या सभासदांना मारहाण आणि छळ हा त्या संघटनांवरचा काळा डाग आहे. १९९०मध्ये त्यांनी प्रवेशाची जुनी पद्धत बंद केली, तरी हे प्रकार पुरते थांबले नाहीत. महाराष्ट्रात १९९९पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, तेव्हा तसल्या दीक्षाविधींना इथे जागा नको.

जागा हवी ती आयुष्यभराच्या सभासदत्वाला. पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आहे. पेण-रोह्याच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. ज्यांना भट्टीवर बरोबर जावे लागते त्या मुलांचे शाळेचे निम्मे वर्ष हातचे जाते. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे, पण अर्ज, कागद आणि मुदत यांतून वाट काढून देणारे माणूस लागते. ते माणूस आहे. ते धाटावच्या कारखान्यात आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, बँकेच्या काउंटरमागे आहे, आणि त्यातले अनेकजण वसतिगृहातच वाढलेले आहेत.

त्यांची शाखा तालुक्याला एक हवी. दरमहा थोडी वर्गणी, प्रत्येक नव्या विद्यार्थ्यामागे एक जबाबदार माजी विद्यार्थी, आणि हिवाळ्यात भट्टीवर जाऊन मुलांची शाळा आणि लसीकरण यांची चौकशी. सुरुवात गृहपालांनी करावी. माजी विद्यार्थ्यांची पहिली बैठक प्रवेश सुरू होण्याआधी, मे महिन्यातच बोलवावी आणि त्या बैठकीत सत्काराचा कार्यक्रम ठेवू नये.