तयार मॅक की जुळवलेला पीसी?

या सदराच्या टपालात एरवी धुण्याची यंत्रे, मिक्सर आणि पाणी शुद्ध करण्याची उपकरणे यांचीच वर्दळ असते. दिवाळी अंकासाठी ते चाळताना पनवेलचे एक पत्र हाती आले, आणि बाकीची पत्रे तशीच बाजूला राहिली.

पत्रलेखक गृहस्थ नुकतेच निवृत्त झाले आहेत. नव्या विमानतळासाठी जी दहा गावे उठली त्यांतल्या एका गावचे हे कुटुंब आता पनवेलात ब्लॉकमध्ये राहते. धाकटे चिरंजीव अंधेरीच्या एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत मदतनीस आहेत. घरच्या घरी छोटासा स्टुडिओ थाटावा, आगरी-कोळी गाणी, जाहिराती, जमल्यास बोलकी पुस्तके करावीत, असा त्यांचा बेत. वडिलांनी ग्रॅच्युइटीतून सव्वा लाख रुपये त्यासाठी काढून ठेवले. इथवर सारे गोड. पण चिरंजीव म्हणतात, घ्यायचा तर मॅक. आणि पुतण्या, जो संगणक जुळवण्यात वाकबगार आहे, तो म्हणतो, काका, त्याच पैशांत दुप्पट ताकदीचा पीसी मी उभा करून देतो. चार महिने हा वाद चालू आहे. पुतण्या गणपतीत आरतीला आला आणि प्रसाद घेऊन उभ्या उभ्या निघून गेला. आपण कोणाचे ऐकावे, असे वडील विचारतात.

आणि मग सहीच्या वर, जागा उरली म्हणून लिहावी तशी एक ओळ आहे. मातोश्री ब्याऐंशी वर्षांच्या आहेत, जन्मभर धवलारीण. त्यांचे धवले आधी उतरवून घ्यायचे होते, पण यंदाच्या पावसाळ्यापासून त्यांना दम लागू लागला आहे.

ज्या शहरी वाचकांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो. आगरी-कोळी लग्नांत विधींच्या वेळी जी गाणी म्हणतात ती धवले, आणि ती म्हणत म्हणत विधी पार पाडणारी जाणती बाई ती धवलारीण. हे सारे मुखोद्गत असते; पोथी नसते. म्हणजे सव्वा लाख रुपये बँकेत आहेत ते पुढल्या वर्षीही राहतील. ही दुसरी ठेव मात्र श्वासावर आहे. आम्हांला त्या पत्रातले खरे पत्र ती एक ओळच वाटली. तरीही आधी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊ.

आवाज संगणकात जातो तो आकड्यांच्या रूपाने. हल्लीच्या रिवाजाप्रमाणे सेकंदाला ४८,००० वेळा त्याचे मोजमाप होते. एका माइकचे तासभराचे ध्वनिमुद्रण सुमारे अर्धा जीबी भरते, दोन माइकचे एक जीबी. एवढे काम कॉलेजातल्या मुलीचा साधा लॅपटॉपही करील. ताकद लागते ती पुढे. पंचवीस-तीस पट्ट्या एकत्र वाजवायच्या, त्यांवर घुमारा चढवायचा, संगणकातल्याच सनया आणि ढोल वाजवायचे, तेव्हा यंत्राला घाम फुटतो.

दुसरी गोष्ट विलंबाची. गायक कानाला हेडफोन लावून गातो, त्याचा आवाज संगणकातून फिरून त्याच्या कानी येतो. संगणक आवाज घोटाघोटाने गिळतो. घोट १२८ मोजमापांचा असला तर उशीर तीन सहस्रांश सेकंदांहूनही कमी, म्हणजे गाणारा तुमच्यापासून हातभर अंतरावर बसावा इतकाच. घोट १०२४चा केला की उशीर एकवीस सहस्रांशांचा. जणू तो चोवीस फुटांवर, अंगणापलीकडे बसला आहे. प्रत्यक्षात आवाजाला आत-बाहेर असे दोन्ही फेरे करायचे असतात, त्यामुळे अंतर याहून वाढते. अशाने तालाचा बोजवारा उडतो. म्हणून यंत्र लहान घोट न अडखळता घेईल का, हे पाहायचे. जाहिरातीतले इतर आकडे दुकानदाराला पाठ म्हणू द्यावेत.

या परीक्षेत मॅकचे पारडे सुरुवातीलाच जड असते, कारण आवाजाची ये-जा सांभाळणारी व्यवस्था तिथे मूळ घडणीतच आहे. विंडोजवर ती वाट बरीच वर्षे स्टाइनबर्ग कंपनीच्या १९९७ सालच्या आसिओ या तोडग्याने काढली जाते. उत्तम चालते, मात्र आपल्या इंटरफेसच्या कंपनीने त्याचा चालक नीट लिहिलेला हवा. इंटरफेस म्हणजे माइक आणि संगणक यांच्या मधली ती छोटी पेटी. जुळवलेल्या पीसीत कधी वायफायचा, कधी चित्राच्या कार्डाचा चालक मध्येच लुडबुड करतो आणि गाण्यात चटचट आवाज येतात. मग दोन रात्री जागून दोषी कोण ते शोधावे लागते. पुतण्याला यात आनंद आहे. चिरंजीवांना आहे का, हे त्यांनी मनाशी विचारावे.

मॅकची दुसरी थोरवी शांततेची. २०२० साली अॅपलने इंटेलची साथ सोडून स्वतःची चिप आणली, तेव्हापासूनच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. मॅक मिनीत आहे, पण तो फिरतो हे कानाला सहसा कळत नाही. २०२४च्या नोव्हेंबरात आलेल्या मिनीची किंमत आपल्याकडे ५९,९०० रुपयांपासून होती. पडदा, कीबोर्ड, माउस वेगळे, हे घरी सांगायला विसरू नये. त्यात १६ जीबी मेमरी आणि २५६ जीबीचे कोठार होते. मेमरी पुढे वाढवता येत नाही. लग्नात दिलेल्या पाटल्या, घट्ट झाल्या तरी सोनाराने हात टेकायचे. कोठार मात्र बाहेरून एसएसडी जोडून खुशाल वाढवावे.

आणि एक गोष्ट, जी चिरंजीवांना ठाऊक असेलच. लॉजिक नावाचा जो ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम आहे, तो मूळचा जर्मनीतल्या ईमॅजिक कंपनीचा, आणि एके काळी दोन्ही घरी नांदत होता. जुलै २००२मध्ये अॅपलने ती कंपनी विकत घेतली आणि विंडोजवरचा लॉजिक बंद केला. ज्यांनी पीसीवर वर्षानुवर्षे कामे केली होती ते एका सकाळी पोरके झाले. तेव्हापासून संगणकावर लॉजिक हवा तर मॅक हवाच. उलट प्रवासही झाला आहे: तरुणांचा आवडता एफएल स्टुडिओ वीसएक वर्षे विंडोजचाच होता, २०१८ साली तो मॅकवर आला. क्यूबेस, प्रो टूल्स दोन्हीकडे चालतात. रीपरही चालतो; तो साठ दिवस वापरून पाहता येतो आणि घरगुती परवाना साठ डॉलरचा आहे. मॅकबरोबर गॅरेजबँड फुकट येतो, त्याला हसू नये.

आता पुतण्याची बाजू. ती पोरकट नाही. जुळवलेला पीसी म्हणजे सुटा सुटा संसार. मेमरी कमी पडली, वाढवा. डिस्क गेली, तेवढी बदला. पाच वर्षांनी प्रोसेसर नवा घाला आणि पेटी तीच ठेवा. मॅकच्या बाबतीत अॅपल एक दिवस जुन्या यंत्राचा हात सोडते: २०२५मध्ये आलेली टाहो ही इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची प्रणाली ठरली. अर्थात मायक्रोसॉफ्टनेही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ची नित्याची देखभाल थांबवली, तेव्हा सोवळे कोणीच नाही.

पण पीसी घ्यायचाच झाला तर काही पथ्ये आहेत. पनवेलहून निघून कुर्ल्याला आणि दादरला गाड्या बदलून ग्रँट रोडला उतरलात आणि लॅमिंग्टन रोडवर पाऊल टाकलेत, की पहिला दुकानदार तुम्हांला खेळांसाठीचे भले मोठे चित्रकार्ड दाखवील. ते घेऊ नका. ध्वनीच्या कामाला त्याचा उपयोग जवळजवळ नाही, आणि त्याचे पंखे मात्र गाण्यात साथ करतात. प्रोसेसरमध्ये अंगभूत असलेले चित्राचे सामर्थ्य पुरे. निळे-तांबडे दिवे लखलखणारी पेटीही नको; ज्याची पंखे मोठे आणि संथ फिरणारे अशी पेटी निवडा. एसएमपीएसमध्ये काटकसर करू नये, ३२ जीबी मेमरी असली तर बरी, आणि प्रत्येक भागाचे बिल निराळे मागून घ्यावे, कारण हमीही निराळी असते. २०२५च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर भडकले, कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कारखान्यांनी माल ओढला म्हणून. तेव्हा पुतण्याने आषाढात केलेला हिशेब कार्तिकात पुन्हा करावा. विंडोजचा परवानाही त्या हिशेबात धरावा. ‘फुकट टाकून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा. चोरीच्या प्रोग्रामाबरोबर घरात काय काय शिरते याची कल्पना नसते.

आमचा कौल मागितलात तर असा. चिरंजीवांच्या अंधेरीच्या स्टुडिओत लॉजिकवर काम चालत असेल आणि ते काम घरी आणायचे असेल, तर मॅक मिनी घ्या आणि वाद मिटवा. उरलेल्या पैशांत पडदा आणि बरे हेडफोन बसतात, शिवाय वीज गेली तर काम वाचवून बंद करण्यापुरता छोटा यूपीएस. स्टुडिओत प्रो टूल्स किंवा क्यूबेस चालत असेल तर पुतण्याला साहित्याची यादी करायला सांगा, आणि ती यादी चिरंजीवांना वाचू द्या. एवढेच, की तो पीसी जुळवील त्यानेच दोन वर्षे दुरुस्तीला धावून यायचे, हे आधी ठरवून घ्यावे. अबोला धरलेल्या माणसाकडून यंत्र घेऊ नये. ते बंद पडते तेव्हा मध्यरात्र असते.

मात्र हे सारे मार्गशीर्षात केलेत तरी चालेल. इंटरफेस आणि माइक दोन्ही यंत्रांना लागणारच आहेत, त्यांच्याबद्दल घरात वाद नाही. ते या आठवड्यात आणा. दोन माइक जोडता येतील असा साधा इंटरफेस आणि दोन डायनॅमिक माइक. शुअर कंपनीचा एसएम ५८ हा माइक १९६६पासून जगभरच्या रंगमंचांवर उभा आहे. तो किंवा त्या जातीचा चालेल. कंडेन्सर माइक फार कानसुळा असतो, खालच्या मजल्यावरचा कुकरही टिपतो. तो पुढे घ्या. संगणक म्हणून घरातला कोणताही लॅपटॉप लावा. १९०२ साली गैसबर्ग साहेबांनी कलकत्त्यात गौहरजानचे गाणे घेतले ते विजेवाचून, नुसत्या कर्ण्यासमोर. आजही ते ऐकता येते.

माइक दोन अशासाठी, की धवला एकटीने रंगत नाही. आजींच्या बरोबरीची, मागून झील धरणारी कोणी बाई नात्यात असेल तर तिला बोलवा. दोघींना समोरासमोर बसवा, प्रत्येकीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर माइक. हेडफोन आजींना लावू नका. खोलीत भिंतीलगत गोधड्या टांगा, कपाटाची दारे उघडी ठेवा, म्हणजे आवाज घुमत नाही. पंखा आणि फ्रीज बंद करा. घराची किल्ली फ्रीजमध्ये ठेवली, की काम संपल्यावर तो पुन्हा सुरू करायची आठवण आपोआप राहते. तारेतून घुर्र असा आवाज आला तर लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहा; तेवढ्याने थांबला तर दोष घराच्या अर्थिंगचा असू शकतो, वायरमनला दाखवा.

दिवाळीचे चार दिवस फटाक्यांमुळे जमायचे नाही. तुळशीचे लग्न लागले, की पहाटेची वेळ धरा. विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ला उड्डाणे सुरू झाली, तेव्हा मधूनच एखादे विमान डोक्यावरून जाईल. आजींना थांबवू नका. ते गेले की तेवढे कडवे पुन्हा म्हणवून घ्या. एका बैठकीत अर्ध्या तासाहून अधिक गाणे नको, मध्ये गरम पाणी द्यावे. दम लागला तर बोलू द्या, यंत्र चालूच ठेवा. कोणता धवला हळदीचा, कोणता तांदूळ निवडतानाचा, कोणाच्या लग्नात पहिल्यांदा म्हटला, हे त्या सांगतील तेही हवे आहे.

प्रत्येक गाण्याच्या फाइलीला नाव देताना तारीख, गाणारणींची नावे आणि विधी लिहा, आणि गावाचे नाव जुनेच लिहा. दोन प्रती करा, एक घरी ठेवा आणि दुसरी पुतण्याच्या घरी.