ऑप्शनला टाकलेलं गणित

बारावी सायन्सच्या मुलांना दरवर्षी एक सल्ला फुकट मिळतो : ‘सगळं गणित करत बसू नकोस, तीन-चार धडे ऑप्शनला टाक.’ सल्ला देणारा बहुधा जवळचाच असतो. चुलतभाऊ, शेजारी, क्लासमधला सिनियर. नाशिकमधली ओळखीची मुलं विषय निवडताना माझ्याकडे विचारायला येतात, तेव्हा हा सल्ला त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेला असतो. मला तो अजिबात मान्य नाही.

हा सल्ला निघतो बोर्डाच्या प्रश्नपत्रिकेतून. गणिताची लेखी परीक्षा ८० गुणांची, पण छापलेले प्रश्न ११२ गुणांचे. पहिले २० गुण सक्तीचे. पुढे दोन गुणांच्या १२ प्रश्नांपैकी ८, तीन गुणांच्या १२ पैकी ८ आणि चार गुणांच्या ८ पैकी ५ सोडवायचे. एखादं उदाहरण अडलं तर मुलाचं नुकसान होऊ नये, यासाठी ही तीन तासांपुरती सवलत आहे. वर्षभराचा अभ्यास तिच्यावरून ठरवा, असं कुणी सांगितलं? सीईटीत तर अशी सवलतही नाही. तिथे गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे. फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून जेवढे गुण, तेवढे एकट्या गणिताला.

गुणांचं सोडून देऊ. टाकले जातात कुठले धडे? बहुतेक वेळा पुस्तकाच्या शेवटचे : डिफरन्शियल इक्वेशन्स, प्रोबॅबिलिटी डिस्ट्रिब्युशन, बायनॉमियल. आणि भीती वाटते म्हणून व्हेक्टर्स. बीएस्सीला पहिल्या वर्षापासून लागतात ते नेमके हेच.

केमिस्ट्रीचा मुलगा फर्स्ट ऑर्डर अभिक्रियेचा अर्धायुकाल काढताना ०.६९३ हा आकडा पाठ करतो. तो २ चा नैसर्गिक लॉगरिदम आहे, एका साध्या डिफरन्शियल इक्वेशनमधून आलेला आहे, हे त्याला माहीत नसतं, कारण तो धडा ऑप्शनला गेला. किरणोत्सर्गात तोच आकडा पुन्हा येतो, तेव्हा तो नवं सूत्र म्हणून पुन्हा पाठ करतो. फिजिक्समध्ये टॉर्क हा दोन व्हेक्टर्सचा क्रॉस प्रॉडक्ट आहे. तो धडा टाकणाऱ्याला दिशा कशी ठरते हे शेवटपर्यंत कळत नाही.

‘आमची मुलगी बायोलॉजीची, नीटला गणित नाही’ असं म्हणून गणित पूर्णच सोडायला लावणारे पालक तर विचारूच नका. मेंडेलचं ३:१ गुणोत्तर बायोलॉजीतच आहे ना? मग चार रोपांपैकी नेमकी तीन उंच आणि एक बुटकं निघण्याची शक्यता किती? सुमारे ४२ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. हे बायनॉमियलने दोन ओळींत कळतं. औषध गुणकारी आहे की रुग्ण आपोआप बरा झाला, हे ठरवायलाही हेच गणित लागतं. राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशिकमध्ये आहे, आणि भावी डॉक्टरांना आपण शिकवतो की संभाव्यता तुमच्या कामाची नाही! शिवाय नीटमध्ये जागा मिळाली नाही, तर गणित सोडलेल्या मुलीला इंजिनिअरिंगच्या बहुतेक शाखांचा रस्ताही उरत नाही.

वेळ कमी असतो, सगळं सारखं करता येत नाही, हे खरं. मग निवड जरूर करा, पण पुढे काय शिकायचंय ते पाहून करा. फिजिक्स, केमिस्ट्री, इंजिनिअरिंग : डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन, डिफरन्शियल इक्वेशन्स ही साखळी तोडू नका, व्हेक्टर्स सोडू नका. कॉम्प्युटर : लॉजिक, मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटी आधी. बायोलॉजी : लॉगरिदम, आलेख, प्रोबॅबिलिटी, बायनॉमियल. कुठे हात आखडायचाच असेल, तर पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्सची अवघड उदाहरणं कमी सोडवा.

याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. कॉलेज रोडच्या महागड्या क्लासमधल्या मुलाची उणीव कुणीतरी भरून काढतं. चौक मंडईतल्या, वडाळ्यातल्या, मालेगावच्या घरातून पहिल्यांदाच सायन्सला जाणाऱ्या मुलीला दुसरी संधी नसते. आमच्याकडे गुणगौरव समारंभात वक्ते अल-ख्वारिझ्मीचं नाव अभिमानाने घेतात. अल्जेब्रा हा शब्द त्याच्या ग्रंथाच्या नावातल्या ‘अल-जब्र’वरून आला, हे खरंच आहे. पण घरी गेल्यावर त्याच सभागृहात टाळ्या वाजवणारे आपल्या मुलीला म्हणतात, ‘तुला गणित घेऊन काय करायचंय?’ हा अभिमान काय कामाचा?

अकरावीचा फॉर्म भरताना ‘कुठला विषय सोपा’ एवढंच विचारू नका. ‘पुढच्या शिक्षणात काय लागणार’ हे विचारा. आणि उत्तर शेजाऱ्याकडून घेऊ नका. जिथे शिकायचंय त्या कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम मागवा, बारावीच्या गणिताची दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा आणि मग ठरवा.