‘येत नाही’ की ‘येऊ दिले नाही’?

आपल्या निवासी शाळेच्या स्मरणिकेसाठी शिक्षणविषयक लेख द्यावा, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. शाळेच्या वाटचालीचा गौरव इतर मान्यवर करतीलच, आणि तो योग्यच आहे. आम्ही मात्र शिक्षकांच्या बैठकीत अर्धवट राहिलेल्या एका वादाविषयी येथे लिहिणार आहोत. इयत्ता आठवीपासून जर्मन भाषेचा वर्ग सुरू करावा, अशी सूचना त्या बैठकीत आली होती. तिच्यावर दोन आक्षेप निघाले. ज्यांना इंग्रजी धड येत नाही, त्यांना जर्मन काय येणार, हा पहिला. वर्ग काढायचाच असेल, तर चाचणी घेऊन ज्यांची तयारी आहे अशाच निवडक मुलांसाठी काढावा, हा दुसरा. आक्षेप घेणारे आमचे सहकारी मुलांचे शत्रू नव्हेत. त्यांची कळकळ आम्ही जाणतो. तरीही दोन्ही आक्षेप आम्हांस मान्य नाहीत, आणि त्याचे कारण जर्मन भाषेच्या पहिल्या काही पाठांतच आम्हांस सापडले.

आम्ही इतिहासाचे शिक्षक, जर्मनचे पंडित नव्हे. पन्नाशी उलटल्यावर, त्या बैठकीनंतरच, आम्ही जर्मनचे प्राथमिक पुस्तक उघडले. त्यात लवकरच एक क्रियापद भेटते : ‘क्योनेन’, म्हणजे शकणे, येणे. ‘इश कान श्विमेन’ म्हणजे मला पोहता येते. मराठी मुलाला या वाक्याची रचना परकी वाटू नये, कारण मुख्य क्रियापद येथे आपल्या मराठीसारखेच शेवटी जाते. इतकेच नव्हे, तर भाषाशास्त्रज्ञांच्या मते जर्मन ‘कान’, पाली ‘जानाति’ आणि मराठी ‘जाणणे’ ही एकाच प्राचीन धातूची लेकरे आहेत. जाणणे आणि करता येणे यांचे नाते इतके जुने आहे.

फरक आहे तो कर्त्यात. मराठीत आपण ‘मला पोहता येते’ असे म्हणतो. शाळेच्या फाटकाबाहेर पडले की नया नगरच्या गल्लीत खेळणारी मुले ‘मुझे तैरना आता है’ म्हणताना ऐकू येतात. मराठी काय, हिंदी-उर्दू काय, दोन्हींत विद्या जणू बाहेरून येते आणि माणूस तिची वाट पाहत बसलेला असतो. जर्मनमध्ये माणूस स्वतः कर्ता होऊन उभा राहतो : ‘मी’ शकतो.

याहून महत्त्वाचा भेद पुढच्या पाठात आहे. ‘कान’ हे सामर्थ्याचे क्रियापद. परवानगीसाठी वेगळे क्रियापद आहे, ते म्हणजे ‘ड्युर्फेन’. ‘इश कान श्विमेन’ म्हणजे मला पोहता येते. ‘इश डार्फ निश्ट श्विमेन’ म्हणजे मला पोहण्याची मुभा नाही. आपल्या मराठीत मात्र ‘येणे’ या एकाच शब्दावर दोन्ही ओझी आहेत. ‘मला पोहता येत नाही’ यात सामर्थ्य नाही. ‘परीक्षेत पुस्तक पाहता येणार नाही’ यात परवानगी नाही. रोजच्या व्यवहारात याने काही बिघडत नाही. इतिहास लिहिताना मात्र फार बिघडते.

एक वाक्य पाहा : ‘बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकता आले नाही.’ वाक्य शुद्ध आहे आणि खोटेही नाही. पण ते वाचून अजाण मुलाच्या मनात काय उमटेल? संस्कृत त्यांना जमले नाही? वेळ मिळाला नाही? वास्तविक अस्पृश्य म्हणून त्यांना संस्कृत नाकारण्यात आले आणि पर्शियन घ्यावे लागले. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास स्वप्रयत्नाने केला, हे सर्वश्रुत आहे. सामर्थ्य होते, मुभा नव्हती. जर्मन भाषेत हे वाक्य लिहिणाऱ्याला आधी ठरवावे लागते, ‘कान’ लिहायचे की ‘डार्फ’. आमच्या व्याकरणात तसे ठरवावे लागत नाही, म्हणून ‘त्यांना शिकता आले नाही’, ‘त्यांना पाणी भरता येत नव्हते’ अशी वाक्ये आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिली आणि रोखणारा हात वाक्याबाहेरच राहिला.

याच पाठांच्या जवळपास तिसरा शब्द येतो, तयारीचा. आपण ‘जेवण तयार आहे’ म्हणतो आणि ‘मी यायला तयार आहे’ असेही म्हणतो. अरबी-फारसीतून आलेला हा ‘तयार’ नया नगरच्या उर्दूत आणि आपल्या मराठीत सारखाच रुळलेला आहे. जर्मनमध्ये मात्र जेवण ‘फेर्टिश’ असते, म्हणजे पूर्ण झालेले, आणि माणूस ‘बेराइट’ असतो, म्हणजे सिद्ध, सज्ज, पाऊल उचलण्यास राजी. ‘मुलांची तयारी नाही’ असे आपण बैठकीत म्हणतो, तेव्हा नेमके काय म्हणतो? ती ‘फेर्टिश’ नाहीत, हे उघडच आहे. पूर्ण झालेली असती, तर शाळेत कशाला आली असती? ती ‘बेराइट’ आहेत की नाहीत, हे मात्र त्यांना कोणी विचारलेले नसते.

महाडचा इतिहास या तीन शब्दांनी वाचून पाहावा. ओंजळीने पाणी उचलण्याचे सामर्थ्य आपल्या माणसांच्या हातांत सदैव होते. मुभाही कागदावर आलेली होती. १९२३ साली बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात संमत झाला आणि त्यानंतर महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांस खुले केल्याचे जाहीर केले. तरीही तळ्याचे पाणी दूरच राहिले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या मागोमाग हजारो माणसे तळ्याकडे चालत गेली, तेव्हा तिसरी गोष्ट पुरी झाली. ती माणसे सिद्ध होती. त्यांची आधी चाचणी घेऊन ‘यांची तयारी झाली आहे काय’ असे कोणी पाहिले असते, तर तो दिवस उगवलाच नसता.

आता प्रत्यक्ष जर्मनकडे वळू. बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात घेतलेल्या विषयांची नोंद पाहिली, तर अर्थशास्त्राचे २९ आणि इतिहासाचे ११ अभ्यासक्रम दिसतात. त्याच यादीत प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन यांचाही एकेक अभ्यासक्रम आहे. जगातील मोठमोठ्या अर्थशास्त्रज्ञांपुढे बसणारा हा विद्यार्थी परक्या भाषेच्या मुळाक्षरांच्या वर्गातही बसला. त्या तुटपुंज्या भांडवलावर १९२१ साली त्यांनी बॉन विद्यापीठात प्रवेशासाठी स्वहस्ते जर्मन भाषेत अर्ज लिहिला आणि त्यांचे नाव तेथे दाखलही झाले. व्याख्यानांना हजर न राहिल्यामुळे पुढच्या वर्षी ते पटावरून कमी झाले, हेही इतिहासाच्या शिक्षकाने लपवू नये. लंडनचे अध्ययन आणि बॅरिस्टरीचा अभ्यास त्याच काळात चालू होता. बॉनचे शिक्षण ‘फेर्टिश’ झाले नाही. पण अर्ज लिहिण्यापूर्वी ‘माझे जर्मन पुरेसे आहे काय’ म्हणून ते थांबून राहिले नाहीत. आपल्या मुलांना बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण पाठ करून घेतो. हा अपुरा राहिलेला प्रयत्नही सांगितला पाहिजे, कारण पदव्यांनी मुले दिपून जातात. प्रयत्नाचे अनुकरण करता येते.

कोणी म्हणेल, बाबासाहेब ते बाबासाहेब, आपल्या मुलांचे काय? याला उत्तर विनयपिटकात आहे. चुल्लवग्गात दोन ब्राह्मणकुलीन भिक्खूंची कथा येते. नाना गोत्रांचे, नाना जातींचे, नाना कुळांचे लोक संघात आले आहेत आणि ते आपापल्या बोलीने बुद्धवचन बिघडवीत आहेत, अशी त्यांची तक्रार होती. ते छंदस् भाषेत बांधून ठेवावे, असे त्यांनी सुचविले. तथागतांनी ती सूचना नाकारली आणि ‘सकाय निरुत्तिया’, म्हणजे स्वकीय भाषेत, धम्म शिकण्याची मुभा दिली. उपाली न्हावी आणि सुनीत सफाई करणारा यांना ज्या संघाने सामावून घेतले, त्या संघाने उच्चारशुद्धीची चाचणी दारात लावली नाही.

याच ‘सकाय निरुत्तिया’ शब्दांच्या अर्थाविषयी आधुनिक काळात मोठा वाद झाला. प्रत्येकाची आपापली बोली असा अर्थ ऱ्हिस डेव्हिड्स आणि हेर्मान ओल्डेनबर्ग यांनी केला. विल्हेल्म गायगर यांनी तो अमान्य करून बुद्धांची स्वतःची भाषा असा अट्ठकथेचा अर्थ उचलून धरला. ओल्डेनबर्ग आणि गायगर दोघेही जर्मन. ओल्डेनबर्ग यांनी विनयपिटकाची पाली संहिता संपादित केली. गायगर यांचा पाली भाषा व वाङ्मयावरील १९१६ चा ग्रंथ जर्मन भाषेतच आहे. धम्मपदाचे इंग्रजी भाषांतर करणारे मॅक्सम्युलरही जन्माने जर्मन. सामान्य माणसाने धम्म कोणत्या भाषेत शिकावा, हा आपल्या जिव्हाळ्याचा प्रश्न ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी चर्चिला, त्यांचे लेखन मुळातून वाचणारी एखादी मुलगी आपल्या वसतिगृहातून का निघू नये?

पोटाचा प्रश्नही आम्ही विसरलेलो नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत सामंजस्य करार केला, आणि तेव्हापासून पालक शाळेत येऊन जर्मनविषयी विचारू लागले आहेत. ही संधी खरी आहे. तथापि परिचारिका म्हणून तेथे मान्यता मिळविण्यासाठी साधारणपणे ‘बी-२’ पातळीचे जर्मन लागते आणि त्याआधी ‘ए-१’, ‘ए-२’, ‘बी-१’ या तीन पायऱ्या चढाव्या लागतात, हे पालकांना स्पष्ट सांगितले पाहिजे. केवळ मजूर पुरविण्यासाठी आम्ही भाषा शिकवू नये. करारातील अटी स्वतः वाचू शकणारा आणि नको ते नाकारू शकणारा माणूस घडावा, यासाठी ती शिकवावी.

आता आमची एक चूक सांगतो. सेवेच्या आरंभी, दुसऱ्या एका शाळेत असताना, सातवीतील एक मुलगी वक्तृत्व स्पर्धेसाठी नाव द्यायला आली. तिचे उच्चार गावाकडचे होते. ‘अजून तुझी तयारी नाही, पुढच्या वर्षी बघू’ असे आम्ही मायेने सांगितले. ती बरे म्हणाली आणि निघून गेली. पुढच्या वर्षी ती आली नाही, त्यानंतरही कधी आली नाही. तिला येत नव्हते असे आम्ही वर्षे मानून चाललो. आज कळते की आम्ही तिला येऊ दिले नव्हते. ब्राह्मणी व्यवस्थेने दाराशी ठेवलेला पहारेकरी आम्ही स्वतःच झालो होतो, आणि तेही जय भीम म्हणणाऱ्या तोंडाने.

म्हणून व्यवस्थापनास आमची नम्र सूचना अशी. आठवीपासून आठवड्याला दोन तासिका जर्मनच्या ठेवाव्यात. प्रवेशचाचणी नसावी, जो हात वर करील त्याला बसू द्यावे. इंग्रजीची एकही तासिका त्यासाठी कमी करू नये, कारण इंग्रजी कच्चे आहे ही सहकाऱ्यांची तक्रार खरी आहे. पण कच्च्या इंग्रजीचा उपाय अधिक चांगले इंग्रजी हा आहे, जर्मनची बंदी हा नव्हे. वर्षअखेरीस क्रमांक लावू नयेत. युरोपातील भाषापातळ्यांचे वर्णनच मुळी ‘शकतो’च्या वाक्यांत केलेले असते. त्याच धर्तीवर प्रत्येक मुलाने आपली यादी लिहावी : मी स्वतःची ओळख करून देऊ शकतो, मी साधा प्रश्न विचारू शकतो, मी सोपी सूचना वाचू शकतो. जे जमत नाही त्यापुढे ‘नोख निश्ट’ लिहावे, म्हणजे ‘अजून नाही’. ‘येत नाही’ हा निकाल असतो. ‘अजून नाही’ म्हटले की दार उघडे राहते.

मीरा रोडहून चर्चगेटची गाडी धरली की काळा घोडा फार दूर नाही. तेथे मॅक्सम्युलर भवनापासून थोड्याच पावलांवर एल्फिन्स्टन महाविद्यालयाची जुनी इमारत आहे. बाबासाहेब त्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. वर्ग सुरू झाल्यास पहिल्या वर्षाच्या मुलांची सहल आम्ही तेथे नेऊ. दोन्ही इमारती त्यांना दाखवू आणि विचारू : तुम्ही सिद्ध आहात काय? उत्तर मुलांनी द्यावे. आमच्यापुरते सांगायचे, तर ‘ए-१’च्या त्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसण्यास आम्ही ‘बेराइट’ आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!